भाऊ गेल्यावर त्याच्या पोरांचं आणि बायकोचं कसं करायचं

यतीमांबद्दल, म्हणजे बाप गेलेल्या पोरांबद्दल, बोलायला आपल्याकडे कुणी मागे नाही. जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानात विषय निघाला की सगळे माना हलवतात, रमजानमध्ये कपडे वाटतात, फोटो पण काढतात, असू द्या. पण जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा बाग असलेला जवान माणूस अचानक जातो, मागे बायको आणि तीन पोरं, आणि वर्षाने विचारलं की बाग कोण कापतंय अन पैसे कुणाच्या खात्यात जातायत, तर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून हे लिहितोय, अशा घराची जबाबदारी घेणाऱ्या भाऊ, चाचा, मामा लोकांसाठी. पोरांवर जीव कसा लावायचा ते कुणाला शिकवायची गरज नाही, हिशोबाची वही कशी ठेवायची ते मात्र सांगावं लागतं.

शरीअतमध्ये यतीम म्हणजे बाप मेलेलं आणि अजून बालिग (वयात) न झालेलं पोर. आई जिवंत असली तरी ते यतीमच. आणि कुरआनमधली सूरह निसा उघडून बघा, सुरुवातीलाच यतीमांचा माल, बायकांचा मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), वारसाचे हिस्से सगळं एकामागून एक आलंय. म्हणजे पोरांना सांभाळतो म्हणायचं आणि त्यांच्या आईचा हक्क दाबायचा, असं अर्धं काम चालतच नाही.

पैगंबरांच्या काळात उहुदच्या लढाईत सअद बिन रबीअ शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळा माल उचलला, मागे बायको आणि दोन मुली. बायको रसूलुल्लाहकडे (पैगंबर मुहम्मद यांच्याकडे) मुलींना घेऊन गेली आणि सरळ म्हणाली की यांच्या चाचाने काही ठेवलं नाही, आणि मालाशिवाय यांचे निकाह कसे होणार. मग कुरआनची वारसाची आयत आली आणि चाचाला हुकूम झाला, मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरलं ते तुझं. चौदाशे वर्षांपूर्वीची तक्रार आहे पण वाटतं तहसील कचेरीच्या बाहेर आजच कुणीतरी सांगतंय.

आता कामाचं. पहिल्या काही दिवसांत तीन गोष्टी थांबवायच्या. एक, मय्यत समोर ठेवून बाईला "मेहर माफ कर" म्हणायला लावतात ते. तिला त्या वेळी काय सुचतंय हो? मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, निकाहनामा काढा, रक्कम बघा, दिला नसेल तर मालातून आधी तो द्या. तिला नंतर शांत डोक्याने, स्वतःच्या मर्जीने सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न. दोन, बांगड्या फोडणं, पांढरा कपडा वगैरे. इद्दतमध्ये (नवरा गेल्यावर बाईने थांबायचा काळ) साजशृंगार करायचा नाही एवढंच आहे, बांगड्या काढून ठेवल्या की झालं. तीन, चाळीसाव्या दिवसाची दावत. वारसांत लहान पोरं असतील तर त्या मालात त्यांचा हिस्सा आहे, आणि नाबालिगाच्या हिश्शातून बिर्याणीचे देग चढवायला त्याची स्वतःची परवानगी सुद्धा चालत नाही, हे सगळे उलमा सांगतात. तरी गावात नाक कापलं जाईल म्हणून उधार आणून करतात आणि ते उधार पोरांच्या डोक्यावर. करायचंच असेल तर मोठ्या भावांनी आपल्या खिशातून करा.

इद्दत ४ महिने १० दिवस, पोटुशी असेल तर बाळंत होईपर्यंत. या काळात तिने नवऱ्याच्या घरात राहायचंय, म्हणजे तिला तिथून काढता येत नाही हे पण त्यातच आलं, माहेरच्यांना फोन करून "घेऊन जा" म्हणणाऱ्यांनी नीट वाचा. आणि बँकेत सही लागते, दवाखाना आहे, अशी गरज असेल तर हनफी मसलकात (शरीअतच्या सुन्नी मतांपैकी एक) ती दिवसा बाहेर जाऊ शकते, रात्र घरी काढायची. इद्दतचं नाव सांगून कागदपत्रं स्वतःच उरकून घेणारे दीर लोक पण असतात, म्हणून सांगितलं.

मग मालाची यादी. एका नवीन वहीत लिहा, मोबाईलमध्ये नको. शेत, घर, बाग किती खोडांचा, बैल, गाडी, बँक, सोसायटीचं कर्ज, कुणाकडून येणं, कुणाला देणं. तिच्या माहेरचं सोनं यादीत धरायचं नाही, ते तिचंच आहे. क्रम असा की आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज (मेहर धरून), मग वसीयत (मृत्युपत्र) असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि राहिलेलं वारसांत. समजा सगळं देऊन ९ लाख ६० हजार उरले आणि मागे बायको, मयताची आई, एक मुलगा, दोन मुली आहेत. बायकोला आठवा हिस्सा म्हणजे १ लाख २० हजार, आईला सहावा म्हणजे १ लाख ६० हजार, उरलेल्या ६ लाख ८० हजारात मुलाला ३ लाख ४० हजार आणि मुलींना प्रत्येकी १ लाख ७० हजार. मयताचा बाप जिवंत असेल तर त्याचा पण सहावा निघतो आणि आकडे बदलतात, त्यासाठी मुफ्तीसाहेबांना सगळ्या वारसांची यादी देऊन लेखी घ्या. एक बघा, या वाटणीत मुलगा असताना भावाचा काही हिस्सा नाही. शून्य.

बँकेत नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे त्यावरून मालक ठरत नाही. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांत वाटायला.

कागद. मृत्यूचा दाखला चार-पाच प्रती काढा. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे ३ महिन्यांच्या आत, सातबाऱ्यावर बायको आणि सगळ्या पोरांची नावं लागली पाहिजेत, मुलींची पण, लहान पोरांच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) लिहून येतं. याच वेळी कुणीतरी "हक्कसोड करून घेऊ, नंतर भानगड नको" म्हणतो. इथे सही करायची नाही, अजिबात नाही. नवऱ्याच्या पासबुकात दरवर्षी ४३६ रुपये कटलेले दिसले तर जीवन ज्योती विमा आहे, २ लाख मिळतात, कित्येकांना माहीतच नसतं. शेतकरी होता आणि अपघाताने, साप चावून, वीज पडून गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी योजनेतून २ लाख, कृषी कार्यालयात लगेच विचारा कारण मुदत थोडी असते. गरीब घर असेल तर संजय गांधी निराधार योजना, महिन्याला १५०० रुपये, तहसीलमधून. पोरांसाठी बाल संगोपन योजना, एका पोराला महिन्याला २२५०, ती महिला व बाल विकास कार्यालयातून. सरकारचा पैसा घेणं कमीपणाचं वाटतं काहींना, मला तर कळत नाही का.

आता जिथे सगळ्यात जास्त फसतात ते. मुस्लिम कायद्यात लहान पोराच्या मालमत्तेचा वाली (पालक) म्हणजे बाप, मग बापाने नेमून दिलेला, मग आजोबा, मग आजोबांनी नेमलेला. आई या यादीत नाही आणि चाचा तर नाहीच नाही. पोरांना जवळ ठेवायचा हक्क आईचा (हनफीत मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत, मुलगी बालिग होईपर्यंत), पण त्यांचं शेत विकायचा नाही. म्हणजे आजोबा पण नसतील तर जिल्हा न्यायालयात १८९० च्या पालक कायद्याखाली अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो, आईला नेमता येतं, आणि शेत-घर विकायचं असेल तर कोर्टाची वेगळी परवानगी लागते. हे न करता चाचाने विकलेलं शेत कायद्याने विकलं गेलंच नाही, घेणारा पण बुडतो. वकिलाची फी वाचवू नका इथे.

आणि अदलाबदल. कुरआनमध्ये सरळ लिहिलंय की यतीमांच्या चांगल्या मालाच्या जागी खराब देऊ नका. आपल्याकडे त्याचा अर्थ असा घ्या की विहिरीजवळचं बागायत स्वतःकडे आणि पोरांना वरचं कोरडवाहू, "तेवढंच एकर आहे ना भो" म्हणून, हे चालणार नाही.

आजोबा जिवंत असताना बाप गेला असेल तर वेगळाच घोळ. आजोबांचे दुसरे मुलगे असले की नातवांना आजोबांच्या मालात वारसा मिळत नाही, चाचा लोक मधे येतात. पुष्कळ लोक इथे हात झटकून "शरीअतच तशी आहे" म्हणतात आणि उरलेली अर्धी शरीअत सांगत नाहीत. आजोबा जिवंतपणी नातवांना हिबा (बक्षीस) करून ताबा देऊ शकतात, किंवा नातू वारस नाहीत म्हणूनच त्यांच्या नावाने एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकतात. तेव्हा आजोबा ठणठणीत आहेत तोवर त्यांना दवाखान्यात नेता तसं एकदा रजिस्टर ऑफिसला पण न्या. लाज वाटून कुणी विषय काढत नाही आणि मग दोन वर्षांनी पोरं रस्त्यावर.

रोजच्या खाण्यापिण्याचं जास्त डोकं लावू नका. यतीमाचा माल खाणारे पोटात आग भरतात ही आयत आली तेव्हा लोक इतके घाबरले की पोरांचं अन्न वेगळं शिजवायला लागले, ते उरलं की पडून खराब व्हायचं. मग हुकूम आला की एकत्र ठेवलं तरी चालेल, ते तुमचे भाऊच आहेत, बिघाड करणारा कोण अन भलं करणारा कोण हे अल्लाहला माहीत आहे. तर एका चुलीवर भाकरी-भरीत होऊ द्या, पण बागाचे पैसे, भाड्याचे पैसे, विम्याचे पैसे पोरांच्या नावच्या खात्यातच. सांभाळणारा खाऊनपिऊन सुखी असेल तर त्याने त्यातून काही घ्यायचं नाही, गरीब असेल तर मेहनतीपुरतं रीतीने घ्यायचं, तेही वहीत लिहून. बाग बटाईने दिला तर दुसऱ्याला जो वाटा मागितला असता तोच स्वतःला लावा. आणि पोरं गरीब असतील तर भावाच्या पोरांना जकात (इस्लाममधलं सक्तीचं दान) देता येते, स्वतःच्या नातवांना नाही.

कुणी पोर घरी घेऊन वाढवायचं म्हणेल तर वाढवा, मोठं सवाब (पुण्य) आहे, पण बापाचं नाव बदलू नका, कुरआनचा हुकूम आहे की त्यांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा. दाखल्यावर, आधारवर, शाळेत, सगळीकडे खऱ्या बापाचं नाव. होस्टेलला टाकायचा विचार असेल, अक्कलकुव्याला किंवा कुठेही, तर आईला विचारून, आणि भावंडांची ताटातूट होत नाही ना ते बघून.

बाईच्या दुसऱ्या निकाहचं थोडक्यात. इद्दत संपली की ती मोकळी आहे. दीराशीच लावून द्या म्हणजे शेत घरात राहील, हा हिशोब बऱ्याच घरांत चालतो, तिला पसंत असेल तर काही हरकत नाही पण बायका जबरदस्तीने वारसात घेऊ नका असा हुकूम आहे. खनसा बिंत खिदाम नावाच्या बाईचा एक निकाह आधी झालेला होता, तिच्या वडिलांनी तिला नको असताना दुसरा लावून दिला, तिने तक्रार केली आणि रसूलुल्लाहने तो निकाह रद्द केला. आणि ती दुसरीकडे गेली तरी तिचा आठवा हिस्सा तिचाच, तो परत मागायचा नाही. रसूलुल्लाहच्या बीवी खदीजा पण विधवाच होत्या आणि निकाहची गोष्ट त्यांनीच काढली होती, हे चौकात गप्पा हाणणाऱ्यांना कधीतरी सांगा.

पोरं पंधरा-सोळाची झाली की पारखायला सुरुवात करा. केळीचा बोर्ड भाव (रोजचा जाहीर भाव) बघून व्यापाऱ्याशी बोलायला लावा, खताचं बिल भरायला पाठवा, मुलीला बँकेत बरोबर न्या, चुकले तर हजार-दोन हजाराचं नुकसान होऊ द्या. १८ पूर्ण झाले आणि अक्कल आलेली दिसली की वही पुढे ठेवून पहिल्या पानापासून हिशोब वाचून दाखवा, दोन साक्षीदार बसवा, कारण माल परत देताना साक्षी ठेवा असंही त्याच सूरहमध्ये आहे. वहीच्या शेवटच्या पानावर पोराची, त्याच्या आईची, साक्षीदारांची सही घ्या, त्याची एक झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा आणि मूळ वही त्यांना देऊन टाका.