बाळाची जीनोम टेस्ट करायची म्हणताय? आधी टाचेचं बघा

बाळाचा डीएनए वाचणारी जीनोम टेस्ट करायची का, हा निर्णय गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच घ्या, कळा सुरू झाल्यावर कुणी कन्सेंट फॉर्म वाचत बसत नाही.

पहिलं काम साधंच आहे. बाळ ४८ ते ७२ तासांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेतात, त्यातून थायरॉइड, जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम), सीएएच (अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार) वगैरे कळतं. ही टेस्ट आपल्याकडे देशभर सक्तीची नाही त्यामुळे डिस्चार्जच्या आधी तुम्हीच विचारायचं. आणि जीनोम करतोय ना मग ही कशाला, असं अजिबात नको, कारण जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बहुतेक बाळांच्या जीनमध्ये काहीच सापडत नाही, ग्रंथीच नीट तयार झालेली नसते, ते रक्तातल्या टीएसएच या हार्मोनमध्येच दिसतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूचं नुकसान टळतं. जी६पीडी कमी निघालं तर आजीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या वासाचे कपडे बाळाला घालायचे नाहीत, रक्तपेशी फुटतात (आजीला हे पटवणं तुमच्यावर).

आता जीनोम. लॅबला विचारा की एक्सोम का अख्खा जीनोम, एक्सोम म्हणजे जीनोमचा जेमतेम एक-दोन टक्के भाग. एसएमएचं (स्नायू कमजोर करणारा आनुवंशिक आजार) वेगळं विचारा, एसएमएन१ आणि एसएमएन२ हे जीन इतके सारखे आहेत की साध्या एक्सोममध्ये ते निसटू शकतं. मग आजारांची यादी मागा. इंग्लंडमध्ये १ लाख बाळांचा अभ्यास चाललाय, त्यात २००च्या वर आजार आहेत पण लहानपणीच उपचार करता येतील असेच. तुमच्या यादीत चाळिशीनंतरचे कॅन्सर असतील तर ते काढायला सांगा, ते मूल मोठं झाल्यावर त्याचं तो ठरवेल.

घरात आधी एखादं बाळ दगावलंय किंवा मामाच्या मुलीशी लग्न झालंय, तर पॅकेज राहू दे, आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरला भेटा, पुण्यात रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटलला विभाग आहे. थॅलेसेमियासाठी तर बाळाची वाट बघायचीच नसते, आईची एचपीएलसी ही रक्ततपासणी गरोदरपणातच करा, सिंधी लोकांत हा आजार जास्त आढळतो म्हणून पिंपरीतल्या सिंधी घरांत हे बऱ्यापैकी माहीत असतं.

रिपोर्टवर व्हीयूएस लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आजार नाही, बदल दिसलाय पण तो वाईट आहे का ते ठरलेलं नाही. आपल्या लोकांत हे जास्त निघतं कारण जगातला बराचसा डेटा युरोपियन लोकांचा आहे. अशा वेळी आईबाबांचंही सॅम्पल लागू शकतं, त्याचे पैसे वेगळे का ते आधीच विचारा, आणि रॉ डेटा (टेस्टची मूळ फाइल) मागून ठेवा, दोन-चार वर्षांनी तोच परत वाचून घेता येतो.