पितळी मूर्ती पारखायची कशी, वाचायची कशी

दुकानात मूर्ती बघताना आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग चकाकीवर, मग किमतीच्या चिठ्ठीवर. हातांकडे फार कमी लोक बघतात. देव ओळखायचा तो मात्र हातांवरून. कोणत्या हातात काय आहे, ते हात वर आहेत की खाली, एवढं नीट पाहिलं की समोर कोण उभं आहे ते कळतं आणि मूर्ती घडवणाऱ्याला ते कळलं होतं का, हेही कळतं. देव्हाऱ्यासाठी मूर्ती घ्यायला निघाला असाल, तर पुढचा क्रम पाळून बघा.

आधी माप

घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेराएवढी ते फार तर वीतभर असावी, असं मत्स्यपुराणात सांगितलं आहे. वीत म्हणजे 12 अंगुळं. ही मर्यादा व्यवहाराच्या दृष्टीनंही सोयीची आहे. रोज ताम्हणात घेऊन स्नान घालायचं, पुसायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायचं, तर मूर्ती एका हातात मावायला हवी. दिवाणखान्यात ठेवायची मोठी मूर्ती घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण तिला रोजच्या पूजेत धरू नका. पूजेची मूर्ती प्रभावळीसकट मावेल का, हे बघायला देव्हाऱ्यातल्या जागेची उंची मोजून मगच बाजारात जा.

मग धातू

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांब्यात कथील मिसळलं की कासं होतं. दुकानदार ‘पंचधातू’ म्हणाला तर त्यात काय काय आहे ते विचारा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत किंवा बैठकीत लोखंड आहे. मूर्ती उलटी करा आणि तळाचा न घासलेला भाग बघा. तिथं पिवळ्याऐवजी राखाडी-पांढरा धातू दिसला, तर वरून नुसता मुलामा आहे.

घरी आणलेल्या मूर्तीबद्दल शंका असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. आधी मूर्तीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. मूर्ती दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. मूर्ती पोकळ आणि तळाशी उघडी असेल तर तिरकी करून आतली हवा जाऊ द्या. आता काट्यावर जे ग्रॅम दिसतील, तेवढे मिलिलिटर मूर्तीचं आकारमान. वजनाला या आकड्यानं भागा. पितळ असेल तर उत्तर साधारण साडेआठच्या आसपास येतं. सातच्या जवळ आलं तर जस्ताचा भरणा जास्त आहे, आणि तीनच्या खाली आलं तर ती ॲल्युमिनियमची किंवा आणखी हलक्या मालाची आहे. एक लक्षात ठेवा. तळ बंद असलेल्या पोकळ मूर्तीच्या पोटात ओतकामाची माती राहिलेली असू शकते, त्यामुळे अस्सल पितळेचं उत्तरही कमी येऊ शकतं.

ओतीव काम कसं ओळखायचं

तांबट पत्रा ठोकून भांडं घडवतो, ओतारी धातू वितळवून ओततो. मूर्ती बहुधा ओताऱ्याच्या हातची असते. आपल्या बाजारात येणाऱ्या पितळी मूर्तींपैकी बऱ्याच उत्तरेकडच्या अलीगढ-मुरादाबादकडून येतात, आणि तिथं वाळूच्या साच्यातलं ओतकाम मोठ्या प्रमाणावर चालतं. असा साचा दोन अर्ध्या भागांचा असतो. म्हणून मूर्तीच्या दोन्ही कुशींवर, काखेपासून बैठकीपर्यंत, एक बारीक शिवण उमटते. ती कानशीनं घासून काढतात, तरी नखाला लागते.

दुसरी पद्धत मेणाची. तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या स्वामीमलईत स्थपती, म्हणजे पारंपरिक मूर्तिकार, आजही त्याच पद्धतीनं काम करतात. आधी पूर्ण मूर्ती मेणात घडवायची. तिच्यावर कावेरीकाठच्या मऊ गाळाचा पातळ थर द्यायचा, मग जाड मातीचे थर. वाळलं की तापवायचं, म्हणजे मेण वितळून भोकातून बाहेर येतं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तीत रसरशीत धातू ओतायचा. निवला की साचा फोडायचा. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून तशी दुसरी मूर्ती हुबेहूब निघत नाही. पितळ मेणापेक्षा सुमारे नऊ पट जड, त्यामुळे 1 किलो मेणाच्या मूर्तीला 9 किलोच्या आसपास पितळ लागतं. मेण तोलून धातू घ्यायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर ज्यांचं राज्य होतं, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या 12व्या शतकातल्या ग्रंथात तिची कृती दिलेली आहे.

मेणाच्या कामात शिवण नसते. खरी पारख मात्र छिन्नीच्या कामात होते. मूर्ती उजेडात आडवी धरा आणि बोटं बघा. बोटं सुटी आहेत की पंजा म्हणजे नुसता गोळा आहे? पाठ कोरली आहे की सपाट सोडली आहे? दागिन्यांच्या रेषा एका दमात आलेल्या असतील तर हात सरावलेला आहे. बारीक छिद्रं चेहऱ्यावर असतील तर ती मूर्ती घेऊ नका. बैठकीखाली असली तर काही बिघडत नाही.

आता हात वाचा

उजवं-डावं नेहमी मूर्तीचं धरायचं, आपलं नव्हे. इथंच गोंधळ होतो, गणपतीच्या सोंडेबाबतही. प्रभादेवीचा सिद्धिविनायक आणि अष्टविनायकांतला सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या उजवीकडे वळलेल्या सोंडेचे.

गणपती घेताना मनात अथर्वशीर्ष म्हणा. ‘पाशमंकुशधारिणम्’, आणि पुढं ‘रदं च वरदं’. म्हणजे पाश, अंकुश, मोडलेला दात आणि वर देणारा हात. पाश मनाला बांधून ठेवायला, अंकुश त्याला वळवायला. बाजारातल्या पुष्कळ मूर्तींमध्ये दाताऐवजी मोदक असतो. तेही रूप रूढ आहे, त्यात दोष नाही. पण पाशाच्या जागी फूल आणि अंकुशाच्या जागी परशू दिसला, तर आपण पाठ म्हणतो ते रूप हे नव्हे, एवढं ध्यानात ठेवून निवड करा.

दत्ताची मूर्ती तर ध्यानाच्या श्लोकावरून ताडून बघता येते. खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, मधल्या दोन हातांत डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोन हातांत शंख आणि चक्र. खालून वर ब्रह्मा, महेश, विष्णू. लहान मूर्तीत हे सहा हात एकमेकांत मिसळतात. डमरू आणि कमंडलू वेगळे ओळखू येत नसतील तर एक आकार मोठी मूर्ती घ्या.

विठोबाचे हात कटीवर आहेत एवढं सगळ्यांना माहीत असतं. पंढरपूरच्या मूर्तीच्या डाव्या हातात शंख आणि उजव्या हातात कमळाचा देठ आहे, हे मात्र कितीदा बघूनही निसटतं. चांगला कारागीर लहान मूर्तीतही ते दाखवतो.

मला सगळ्यात जास्त आनंद विष्णूच्या हातांनी दिला. शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू चार हातांत किती प्रकारे देता येतील? 4×3×2×1, म्हणजे 24. आणि संध्येत आपण केशव, नारायण, माधव अशी जी नावं घेतो, तीही 24. एकेका क्रमाला एकेक नाव. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, वर जायचं, पलीकडच्या वरच्या हातावर यायचं, मग खाली. प्रदक्षिणेसारखं. 15व्या शतकातल्या ‘रूपमंडन’ ग्रंथाप्रमाणे पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. यातल्या शंख-गदेची अदलाबदल झाली तर त्रिविक्रम. हे कळल्यापासून कुठल्याही देवळात गेले की माझं बोट हवेत फिरतं. मूर्तीची आयुधं सुटी, खोचायची असतील तर घरी आल्यावर ती कुठल्या हातात होती ते विसरायला होतं. दुकानातच फोटो काढून ठेवा.

नटराज घेत असाल तर कान बघा. उजव्या कानात मकरकुंडल, डाव्या कानात स्त्रीचा दागिना. ही अर्धनारी रूपाची खूण. जिथं दोन्ही कानांत सारखीच कुंडलं येतात, तिथं कारागिरानं नुसतं चित्र बघून काम उरकलेलं असतं.

लेकीसाठी घेताय?

आपल्याकडे नवरी गौरीहर पुजून माहेरची अन्नपूर्णा सासरी नेते, सोबत रांगता बाळकृष्ण. अन्नपूर्णेच्या हातात पळी हवीच आणि ती हाताला जोडून ओतलेली हवी. चिकटवलेली पळी पहिल्या दोन-तीन वर्षांत निघते. बाळकृष्णाच्या हातात लोण्याचा गोळा असतो. त्याचा दुसरा हात आणि गुडघे जमिनीला नीट टेकतात का, हे काचेवर ठेवून बघा. डुगडुगणारा बाळकृष्ण रोज ताम्हणात आडवा होतो.

घरी आणल्यावर

नव्या मूर्तीवर बहुधा पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो. रोज पाणी घालायचं असेल तर तो आधी काढा, नाहीतर पुढं ठिकठिकाणी उडून मूर्ती चट्टेरी काळी होते. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून मूर्ती अर्धा तास ठेवली की पापुद्रा सुटतो. नाहीच सुटला तर कापसावर थिनर घेऊन पुसा, खिडकी उघडी ठेवून.

पंचामृताचा अभिषेक झाला की लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा. दह्यातला आंबटपणा धातू खातो. पितळेच्या भांड्यात तास-दोन तास राहिलेलं पंचामृत तीर्थ म्हणून देऊ नका.

घासायला चिंचेचा कोळ किंवा वापरलेली आमसुलं उत्तम. लावायचं, दोन मिनिटं चोळायचं, धुवायचं, कोरडं पुसायचं. लिंबू-मीठ लावून ठेवून देऊ नका. मी एकदा दिवाळीच्या आदल्या रात्री आईच्या अन्नपूर्णेला तसं ठेवलं. सकाळी तिच्या गालावर गुलाबी डाग होता. आंबटानं वरचं जस्त निघून गेलं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं. तो डाग अजून आहे.

त्याच अन्नपूर्णेचं नाक आज जवळजवळ सपाट आहे. आईनं चाळीसेक वर्षं दर शुक्रवारी रांगोळीनं घासलं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, तिनं धातू झिजतोच. आता मी चेहऱ्याला फक्त मऊ पंचा लावते, आमसूल घालून जुन्या मऊ ब्रशनं पळीच्या खाचा आणि बैठकीच्या पाकळ्या तेवढ्या घासते, आणि बोटांच्या बेचक्यातलं पाणी कापसाच्या वातीनं टिपून मगच तिला तांदळावर बसवते.