घरगुती व्हेपिंग लिक्विडसाठी फ्लेवर कसे निवडावेत आणि त्यांचे प्रमाण कसे जुळवावे

व्हेपिंगचे, म्हणजे ई-सिगारेटमध्ये तापवून वाफेच्या रूपात ओढायचे लिक्विड घरी बनवायला घेतलेला माणूस फ्लेवरच्या बाटलीचे झाकण उघडतो, वास घेतो आणि तो आवडला की हात सैल सोडून ओततो. बहुतेक मिश्रणे इथेच बिघडतात, कारण बाटलीतला थंड वास आणि गरम वाफेतून टाळूमागे जाणवणारा स्वाद यांत पुष्कळ अंतर असते. बाटलीत जेमतेम जाणवणारे व्हॅनिला वाफेत सर्वांवर मात करू शकते, तर बाटलीतून दरवळणारी स्ट्रॉबेरी दोन आठवड्यांत फिकी पडते. म्हणून फ्लेवरची पारख नेहमी वाफेवरच करावी.

हा लेख आधीपासून व्हेपिंग करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो धूम्रपानही करत नाही आणि व्हेपिंगही करत नाही, त्याने केवळ चवीच्या ओढीने सुरुवात करू नये. काही देशांत या वस्तूंवर बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी पाहावा. स्वाद जुळवण्याच्या सर्व चाचण्या निकोटिनविना कराव्यात. स्वाद बसवायला निकोटिनची गरज नसते आणि सांडलेले निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते.

निवड करताना पहिला प्रश्न चवीचा नसून घटकांचा असतो. ‘खाद्य दर्जाचा’ हा शिक्का पोटापुरता असतो. जो पदार्थ खाल्ल्यावर निरुपद्रवी ठरतो, तो फुप्फुसात गेल्यावरही तसाच राहील याची हमी कोणी दिलेली नसते. तेलात विरघळवलेला कोणताही फ्लेवर, मग तो मिठाईसाठी असो, बेकिंगसाठी असो किंवा सुगंधी वनस्पतीचे तेल असो, लिक्विडमध्ये अजिबात घालू नये. तेलाचे कण फुप्फुसात साचले की न्यूमोनियासारखा गंभीर आजार होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसांना इजा झालेल्या रुग्णांची जी लाट आली, तिच्याशी व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट पदार्थाचा घट्ट संबंध आढळला. तो प्रामुख्याने गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक असलेल्या लिक्विडमध्ये मिसळलेला होता, आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे ६८ मृत्यूंची नोंद झाली होती. साखर, मध किंवा घरी काढलेला फळांचा रसही वर्ज्य समजावा, कारण साखर कॉइलवर (लिक्विड तापवणाऱ्या तारेवर) जळते. फ्लेवर प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेलाच घ्यावा. हा पातळ द्रव आणि दाट ग्लिसरीन मिळून लिक्विडचा आधारद्रव बनतो.

लोण्यासारखा, कस्टर्डसारखा किंवा मलईदार स्वाद घेताना आणखी सावध राहावे. या स्वादांत लोण्याची चव देणारे डायअॅसिटिल हे रसायन असू शकते. २००० साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातील कामगारांच्या फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे समोर आले, आणि त्या तपासात बोट लोण्याच्या कृत्रिम स्वादाकडेच गेले. डायअॅसिटिलऐवजी वापरले जाणारे अॅसिटिल प्रोपियोनिल रचनेने त्याच्याच कुळातले आहे, त्यामुळे लेबलवर नुसते ‘डायअॅसिटिलमुक्त’ वाचून समाधान मानू नये. उत्पादकाने घटकांची चाचणी जाहीर केली नसेल तर ती बाटली सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढे केल्यावर उरलेला फ्लेवर सुरक्षित ठरतो असे मात्र नाही. धोके थोडे कमी होतात, इतकेच.

दालचिनीचा स्वाद देणारे सिनामाल्डिहाइड श्वसनमार्गाला झोंबते, तेव्हा मी ते पूर्णपणे टाळतो. ते आणि लिंबूवर्गीय फ्लेवर काही प्रकारच्या प्लास्टिकला तडे पाडतात. लिंबाचे लिक्विड भरून ठेवलेल्या माझ्या एका टाकीच्या काठावर केसाएवढ्या बारीक रेषा उमटल्या आणि पुढे तिथूनच गळती सुरू झाली. अशा स्वादांसाठी काचेची टाकी वापरावी.

आता मोजमापाकडे वळू. थेंब मोजण्याच्या फंदात पडू नये, कारण थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडाप्रमाणे आणि द्रवाच्या दाटपणाप्रमाणे बदलतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यावा, त्यावर रिकामी बाटली ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि प्रत्येक घटक वजनाने घालावा. ग्लिसरीन प्रोपिलीन ग्लायकॉलपेक्षा बरेच जड असते (एका मिलिलिटरचे वजन सुमारे १.२६ ग्रॅम, तर प्रोपिलीन ग्लायकॉलचे १.०४), म्हणून एकाच कृतीत वजन आणि आकारमान यांची सरमिसळ करू नये.

मिश्रणाआधी प्रत्येक फ्लेवर एकटाच आधारद्रवात घालून वाफेवर चाखावा. पाच किंवा दहा ग्रॅमची छोटी बाटली पुरते. उत्पादकाने सुचवलेल्या प्रमाणाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी. तसे काही सांगितलेले नसेल तर फळांसाठी ३ टक्के आणि मलई, व्हॅनिला किंवा कॉफीसाठी १ टक्का ही सावध सुरुवात आहे. कॉइलमधला लिक्विड शोषणारा कापूस दरवेळी नवा असावा. पहिले दोन-तीन झुरके केवळ कापूस ओला करतात, त्यांवरून मत बनवू नये.

त्यानंतर दोन फ्लेवर एकत्र आणावेत. समजा, स्ट्रॉबेरी ५ टक्के आणि मलई २ टक्के ठरली, तर दहा ग्रॅमच्या बाटलीत स्ट्रॉबेरी ०.५० ग्रॅम, मलई ०.२० ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल २.८० ग्रॅम आणि ग्लिसरीन ६.५० ग्रॅम जाईल. बाटली जोरात हलवावी. फळाची स्ट्रॉबेरी पुढे यावी आणि मलई मागे रेंगाळावी, अशी अपेक्षा असते. तसे झाले नाही तर फक्त एकच घटक बदलावा, आणि तोही अर्ध्या किंवा एका टक्क्याने. एका वेळी दोन घटक बदलले की सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

स्वाद फिका लागला की हात आपोआप आणखी फ्लेवर घालायला जातो. तिथे थांबावे. प्रमाण फार झाले तरी स्वाद दबतोच, वाफ कडवट किंवा साबणासारखी लागते आणि घशाशी खरखर जाणवते. कापूसमिठाईसारखा गोडवा देणारे इथाइल माल्टॉल तर जास्त झाले की शेजारच्या सगळ्या स्वादांना झाकून टाकते. मी ते अर्ध्या टक्क्याच्या पुढे नेत नाही. गोडीसाठी सुक्रालोज घातल्यास कॉइलवर काळा थर लवकर बसतो. कितीही बदल करूनही काहीच जाणवत नसेल, तर दोष मिश्रणात नसून आपल्या नाकाचा असू शकतो, कारण रोज तोच वास घेतल्याने तो जाणवेनासा होतो. दोन दिवस त्या स्वादापासून दूर राहून मगच पुन्हा चाखावे.

स्वाद खरोखरच तीव्र झाला असेल तर हिशोब सोपा आहे. ८ टक्के फ्लेवरच्या दहा ग्रॅम लिक्विडमध्ये ३.३ ग्रॅम फ्लेवरविना साधा आधारद्रव घातला की प्रमाण ६ टक्क्यांवर येते. उलट ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर जायचे असेल तर दहा ग्रॅमला जेमतेम ०.१ ग्रॅम फ्लेवर लागतो. हा आकडा इतका लहान आहे की अंदाजाने ओतणारा दरवेळी त्याच्या पुढे जातो.

वेळेचा वाटाही मोठा असतो. फळांची मिश्रणे एक-दोन दिवसांत चाखण्याजोगी होतात, पण मलई, कस्टर्ड आणि तंबाखूचे स्वाद अंधाऱ्या, थंड जागी दोन ते चार आठवडे ठेवल्याशिवाय त्यांच्यावर निकाल देऊ नये. व्हॅनिलाची मिश्रणे पिवळसर तपकिरी होतात, त्यात घाबरण्यासारखे नाही. बाटली गरम पाण्यात धरून किंवा झाकण उघडे ठेवून ही प्रक्रिया घाईने उरकण्यात मला लाभ दिसला नाही, कारण हलके सुगंध त्यातच उडून जातात.

प्रत्येक बाटलीवर तारीख, घटकांची टक्केवारी आणि चाखल्यावरचे दोन शब्द लिहावेत. मिश्रणात चार-पाच फ्लेवर जमले असतील तर त्यांतला एकेक वगळून छोटी बाटली करून पाहावी. ज्याच्या अनुपस्थितीने फरक पडत नाही, तो कृतीतून कायमचा काढून टाकावा. फ्लेवर आणि तयार बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवाव्यात, कारण त्यांचा गोड वास मुलांना खाऊसारखाच वाटतो.