पाणी कुठून येतंय ते आधी बघ: हेरिटेज कॉन्झर्व्हेशनमध्ये मास्टर्स करताना

हेरिटेज कॉन्झर्व्हेशन, म्हणजे जुन्या वास्तूंचं जतन, या विषयाच्या अॅडमिशनच्या इंटरव्ह्यूला मला पहिलाच प्रश्न आला की तुला कुठली वास्तू वाचवावीशी वाटते. मी सातारा जिल्ह्यातली, म्हटलं प्रतापगड. समोरचे सर म्हणाले, प्रतापगडाकडे बघायला पुष्कळ माणसं आहेत, तुझ्या गल्लीतली एखादी सांग. मी दोन मिनिटं गप्प बसले आणि मग आमच्या आळीतल्या एका वाड्याबद्दल बोलत सुटले, त्याचा चौक, ओसरी, तिथे आम्ही लपाछपी खेळायचो ते सगळं, आणि मला वाटतं त्या दहा मिनिटांवरच माझी अॅडमिशन झाली. म्हणून जे जे विचारतात की तयारी काय करू, त्यांना मी आधी हेच सांगते की तुमच्या गावातली एक साधी जुनी इमारत धरा, तिची स्वतः टेप लावून मोजमापं घ्या, प्लॅन-सेक्शन काढा आणि ते पोर्टफोलिओत टाका. पंचतारांकित हॉटेलचे दहा थ्रीडी रेंडर एकीकडे आणि अशी एक शीट एकीकडे.

आता कुठे करायचं ते पटकन सांगून टाकते. दिल्ली आणि भोपाळचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, मुंबईत केआरव्हीआयए हे आर्किटेक्चर कॉलेज, ही नावं आपल्याकडची मुलं सहसा बघतात. कोर्स दोन वर्षांचा, बहुतेक ठिकाणी बी.आर्क, म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, लागतं, काही ठिकाणी इतर शाखांनाही घेतात, त्यामुळे त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चरचा पेपर द्याच, स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि त्या स्कोअरवर सरकारमान्य संस्थेत जागा मिळाली तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, घरापासून लांब राहताना मेसचं बिल त्यातून सुटतं. परदेशी जायचं असेल तर यॉर्क, लूव्हेन, पेनसिल्व्हेनिया ही जुनी नावाजलेली ठिकाणं आहेत आणि ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्टची मदत मिळू शकते. पण माझं स्पष्ट मत आहे की तुम्हाला काम आपल्याकडे करायचं असेल तर आधी इथला चुना, इथलं लाकूड, इथला पाऊस शिकून घ्या, बाहेर नंतर जा. आणि ज्यांना इमारतींपेक्षा मूर्ती, हस्तलिखितं, चित्रं यांच्यात रस आहे त्यांनी हा कोर्स घेऊ नका, तो वेगळा अभ्यास आहे, त्याला केमिस्ट्री लागते. पुरातत्त्व हवं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच.

मी दिल्लीला शिकले. पहिलं सेमिस्टर जरा जड जातं कारण बी.आर्कची पाच वर्षं आपल्याला नवीन काहीतरी काढायची सवय लागलेली असते आणि इथे तीन महिने कुणी डिझाइनचं नावच काढत नाही. नुसतं बघा, मोजा, लिहा. ओळंबा सोडून भिंत किती झुकलीय बघायची, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्यायची, कर्ण मोजायचे कारण जुनी खोली कधीच काटकोनात नसते. टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र), लेझर स्कॅनर, फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मोजमापं काढणं) हे सगळं पुढे येतं, ते शिकाच, पण हाताने मोजलेल्या भिंतीला तुम्ही चार दिवस हात लावलेला असतो, त्यामुळे ती कुठे पोकळ वाजते, कुठे गार लागते, लोणा, म्हणजे ओलीबरोबर फुटून येणारे क्षार, कुठे लागलाय हे तुम्हाला माहीत असतं. स्कॅनर ते सांगत नाही.

थिअरीचे तास कंटाळवाणे असतील असं वाटलं होतं पण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच झाली. १९६४ चा व्हेनिस चार्टर, म्हणजे स्मारकं जपण्याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, म्हणतो की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण मग जपानमधलं इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात, त्याला काय म्हणायचं? या असल्या प्रश्नांवरूनच १९९४ मध्ये नारा डॉक्युमेंट आलं, की अस्सलपणा फक्त दगड-लाकडात नसतो, कारागिरीत आणि परंपरेतही असतो. आणि मग आपल्या गावच्या देवळाचं काय, जिथे रोज अभिषेक होतो, लोक वर्गणी काढून गाभाऱ्याला ग्रॅनाइट आणि खांबांना ऑइलपेंट लावतात? गावकऱ्यांना मूर्ख ठरवून काही होत नाही, त्यांची श्रद्धा खरी आहे आणि देऊळ त्यांचंच आहे, आपल्याला त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे. इंटॅक या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेच्या २००४ च्या चार्टरमध्ये अशा नांदत्या वारशाचा आणि पारंपरिक कारागिरांचा विचार केलेला आहे, तो परीक्षेपुरता न वाचता नीट वाचा.

कायदाही तोंडपाठ पाहिजे. १९५८ चा केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती, त्यात संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे. मुंबईत १९९५ मध्ये हेरिटेज नियमावली आली, ग्रेड एक, दोन अ, दोन ब, तीन अशी. पण देशभरात केंद्राच्या संरक्षणाखाली जेमतेम ३,७०० च्या आसपास स्मारकं आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्या आळीतला वाडा या कशातच बसत नाही. त्याला वाचवायला कायदा येत नाही, तिथे मालकाला पटवावं लागतं.

हुमायूनच्या मकबऱ्यावर आम्हाला नेलं होतं. तिथे गच्चीतून पाणी गळायचं म्हणून वर्षानुवर्षं एकावर एक काँक्रीटचे थर दिले गेले होते, आगाखान ट्रस्ट या संस्थेने केलेल्या जतनाच्या कामात ते सगळं मजुरांनी हाताने काढलं, दहा लाख किलोच्या वर वजन निघालं आणि मग पुन्हा चुन्याचा थर दिला. दहा लाख किलो, म्हणजे हजार टन, आणि ते सगळं गळती थांबवायच्या नावाखाली डोक्यावर चढवलेलं. त्या दिवशी सरांनी एकच वाक्य सांगितलं जे मी आजही प्रत्येक साइटवर मनात म्हणते, की आधी पाणी कुठून येतंय ते बघ, नंतर हातात पेन्सिल घे.

ते खरं कळलं थीसिसला. मी वाईतला एक खासगी वाडा घेतला होता, काळ्या दगडाचं जोतं, वर लाकडी सांगाडा, मधे विटा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती. माजघराची एक भिंत कमरेच्या वरपर्यंत ओली, रंगाचे पोपडे सुटलेले, एका कोपऱ्यात तर ओल छातीपर्यंत. मी ठरवूनच टाकलं की नदी जवळ आहे, जमिनीतून ओल चढतेय, अख्ख्या भिंतीचा गिलावा काढून नवीन करावा लागेल, आणि तसा प्रपोजलचा पहिला ड्राफ्टही लिहिला. तरी शिकवल्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी ओलीच्या कडेवर खडूने रेघ मारून तारीख लिहीत होते. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, बाकी भिंत वाळत गेली, कोपरा मात्र एक बोटही खाली उतरेना. घरातल्या आजी रोज मला चहा द्यायच्या आणि बघत बसायच्या, त्या एक दिवस म्हणाल्या, "अगं नदी काय आज आलीय का? माझं लग्न झालं तेव्हा ही भिंत खडखडीत होती. पलीकडच्यांनी मोरी हलवली ना, तेव्हापासनं हे सुरू झालं."

बाहेरच्या बाजूने जोत्यालगत खड्डा घेतला. दोन फुटांवर चिनी मातीचा फुटका पाइप. शेजारच्यांच्या मोरीचं पाणी सरळ आमच्या कोपऱ्यात मुरत होतं. आणि आतून काय झालं होतं, तर ओल दिसते म्हणून काही वर्षांपूर्वी आजींच्या नातवाने खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा मारला होता. चुन्यामातीची भिंत श्वास घेते, म्हणजे आत आलेलं पाणी तिच्या अंगातून वाळून जातं, सिमेंटने ती वाट बंद झाली मग पाणी वर चढलं आणि सिमेंट जिथे संपतं तिथे बाहेर फुटलं. क्षारही तिथेच जमले, त्यांचे खडे झाले आणि विटांचा भुगा पडायला लागला. पाइप बदलायला एक दिवस लागला. मी अख्खी भिंत सोलायला निघाले होते. थीसिसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्या आजींचं आहे, आणि मी ते त्यांच्याच शब्दात छापलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं हा सर्व्हेचाच भाग आहे, त्याला वेगळा वेळ ठेवा.

थीसिससाठी इमारत निवडताना ती किती सुंदर आहे हे शेवटी बघा. आधी बघा की मालक दार उघडतात का, तिथे पुन्हा पुन्हा जाता येईल का, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही बघायला मिळतील का. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर किती नावं आहेत तेही बघा, कारण चौदा वारसदार आणि खाली जुन्या भाड्याचे भाडेकरू असतील तर वाड्याचा खरा आजार तिथेच असतो आणि तोही अभ्यासात यायला पाहिजे.

चुना हाताने करून बघा, पुस्तकात वाचून तो येत नाही. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो खदखदतो, वाफा येतात, डोळ्यांना गॉगल आणि हातात ग्लोव्हज पाहिजेतच, याबाबतीत अजिबात हयगय करू नका. तो मुरवायचा, घाणीत (चुना मळायच्या दगडी चाकाच्या घाण्यात) मळायचा, पातळ थरात लावायचा, ओला ठेवायचा. सिमेंटसारखा तो दुसऱ्या दिवशी कडक होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. गूळ, हिरडा, बेलफळ, मेथी काय काय घालतात, प्रत्येक गवंड्याचं वेगळं, पण प्रमाण विचारलं तर चांगला गवंडी आधी वाळू मुठीत घेऊन बघतो, मग बोलतो. त्याच्या शेजारी आठवडाभर बसा.

नोकरीचं खरं सांगते. सुरुवातीचा पगार बाकीच्या आर्किटेक्ट मित्रांपेक्षा कमी असतो आणि कामं लांबतात. कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्टची ऑफिसं, इंटॅक, पुरातत्त्व खातं, महापालिकांचे हेरिटेज सेल, कॉलेजात शिकवणं, असे रस्ते आहेत, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी जागतिक वारसा यादीत गेल्यापासून लोकांचं लक्ष वाढलंय. पण कागदावरचं काम साइटवर टिकवणं हेच अर्धं आयुष्य असतं. सरकारी दरसूचीत सगळे आयटम सापडत नाहीत, रेट अॅनॅलिसिस, म्हणजे त्या कामाचा दर कसा बसतो त्याचा हिशोब, स्वतः करावं लागतं, ते कॉलेजात कुणी फार शिकवत नाही तर सिनियरच्या मागे लागून शिकून घ्या. माझ्या पहिल्याच साइटवर ठेकेदार संध्याकाळी आम्ही गेल्यावर चुन्यात सिमेंट मिसळायचा, काम लवकर उरकावं म्हणून. सकाळी दर्जांचा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांचा, रंग राखाडी दिसला, खिळ्याने ओरखडा काढला तर उमटेचना, तेव्हा कळलं. चाळीस फूट दर्जा परत काढून भरून घेतल्या, भांडण झालं, बिल अडलं, मला रात्री झोप लागली नाही. तरी काढून घेतल्या हे बरंच केलं असं आजही वाटतं, कारण मऊ दगडाशेजारी कडक सिमेंट बसलं की झिजतो तो दगड.

अॅडमिशनला अजून वेळ असेल तर या पावसाळ्यात एक काम करा. जवळच्या जुन्या इमारतीपाशी धो धो पावसात छत्री घेऊन तासभर उभे राहा, पागोळ्या कुठे पडतात, पन्हळ कुठे फुटलीय, पाणी जोत्यापासून लांब जातंय की जोत्याकडे येतंय, हे एका कागदावर बाणांनी काढा. इंटरव्ह्यूला तो कागद घेऊन जा.

वाईला मी गेल्या श्रावणात जाऊन आले. खडूच्या रेघा आजींनी पुसू दिलेल्या नाहीत. भर पावसात ओल सगळ्यात खालच्या रेघेच्याही वीतभर खाली होती. सिमेंटचा तो तीन फुटांचा पट्टा अजून तसाच आहे, तो दिवाळीनंतर काढायचं नातवाशी ठरलंय, चुना मुरत टाकलाय.