अंगावर पिताना बाळ चावत असेल तर

बाळ जोमाने दूध ओढत असते तोवर त्याची जीभ खालच्या हिरडीवर पसरलेली असल्यामुळे त्याला चावता येत नाही. चावा बसतो तो बहुधा पोट भरत आल्यावर, ओढ मंदावून लक्ष इकडेतिकडे गेले की. म्हणून गिळणे थांबताच करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवून पकड सोडवावी. झटक्याने ओढल्यास स्तनाग्राला जखम होते. दात येत असल्यास पाजण्याआधी फ्रीजमध्ये गार केलेले ओले, स्वच्छ सुती फडके चघळायला द्यावे. लोकलच्या महिला डब्यात पाजणे भागच असेल, तर दारापासून दूरची कोपऱ्यातील जागा बरी. वेदनेने किंचाळणे मात्र (जमेल तितके) आवरावे, कारण दचकलेले बाळ कधीकधी पिणेच नाकारते. स्तन लाल होऊन ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे.