हायवेवरची घूं घालवली, मस्टँगचा गळा शाबूत ठेवला

माझी फोर्ड मस्टँग जीटी २०१६ ची आहे. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, हाताचे सहा गिअर, मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो ३.३१. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. गेल्या उन्हाळ्यात तिचा एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बदलला. कंपनीचा मधला रेझोनेटर (आवाज मऊ करणारा डबा) काढून तिथे एक्स-पाईप (दोन्ही बाजूंच्या नळ्या एक्ससारख्या जोडणारा तुकडा) टाकला आणि मागे आरपार नळीचे मफलर बसवले. मफलर म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तेच. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा अंगावर काटा आला. या इंजिनात एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, म्हणून तो गडगडता, अडखळता सूर येतो. त्याच्यासाठीच तर ही गाडी घेतली होती.

मग आई सांगलीहून आली आणि आम्ही आय-९६ ने ग्रँड रॅपिड्सला निघालो. दोन तासांची वाट. ताशी ७० मैल, सहावा गिअर, आणि आत अखंड घूंऽऽऽ. आवाज मोठा नव्हता, पण कानाच्या पडद्यावर कुणी अंगठा दाबून धरावा तसं वाटत होतं. लान्सिंग यायच्या आत आई म्हणाली, "अरे, कानाला दडे बसले माझ्या. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं होतंय." परत येताना तिने दोन्ही कानांत कापूस घातला होता. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात कामाला लागलो.

ज्यांना हेच करायचंय त्यांना पहिलं सांगणं असं की मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. ही घूं म्हणजे सगळ्या आवाजातला एकच सूर असतो. तो कुठला ते कळलं तर तेवढाच काढता येतो आणि बाकीचा गळा जसाच्या तसा राहतो. न मोजता जाड मफलर लावलेत तर सगळंच मिटमिटं होतं आणि घूं मात्र थोडी उरतेच.

आधी ती एक्झॉस्टचीच आहे ना, हे बघा. ७० मैलांवर सहाव्यात माझं इंजिन साधारण १८५० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १८५० फेऱ्यांवर, फिरतं. वेग तोच ठेवून पाचव्यात आणलं की काटा २८५० च्या आसपास चढतो. घूं तिथे विरली, म्हणजे ती इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली होती. गिअर बदलूनही ती तशीच राहिली असती तर टायर, चाकाचं बेअरिंग किंवा प्रॉपेलर शाफ्ट तपासावा लागला असता. चढावर पाय दाबल्यावर ती वाढते का, हेही बघा. एक्झॉस्टची घूं इंजिनावर लोड (भार) आला की वाढते.

आता सूर पकडायचा. व्ही-८ मध्ये दर फेरीला चार स्फोट होतात. म्हणून आरपीएमला ६० ने भागा आणि ४ ने गुणा. १८५० ला उत्तर येतं १२३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२३ कंपनं. व्ही-६ असेल तर ३ ने गुणायचं. ऑटोमॅटिक गिअरच्या ५.७ लिटर हेमी इंजिनाच्या डॉज चॅलेंजरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. हायवेवर ती गाडी चार सिलिंडर बंद करते, तेव्हा आकडा निम्मा होतो आणि नेमकी तिथेच घूं जास्त छळते.

हिशोब झाला की फोनवर स्पेक्ट्रम (कुठला सूर किती मोठा ते) दाखवणारं ॲप घ्या, फोन शेजारच्याच्या हातात द्या आणि तो कानाच्या उंचीवर धरायला सांगा. ॲपमध्ये 'ए' वेटिंग (खोल सूर कमी मोजणारी सेटिंग) असेल तर ते बंद करा, कारण ते १२५ हर्ट्झच्या आसपासचे १६ डेसिबल परस्पर कापून टाकतं आणि तुम्हाला वाटतं की काही नाहीच. 'सी' किंवा 'झेड' ठेवा. फोनचा माइक अचूक नसतो, तरी तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता ठेवलात तर आधी-नंतरची तुलना पक्की होते. माझ्या स्क्रीनवर १२३ वर ताडासारखा एकच सुळका उभा होता.

गाडी वर उचलायची तर जॅक स्टँडवरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. एक्झॉस्ट पूर्ण थंड हवा. पाईप हाताने धरून हलवा आणि तो बॉडीला कुठे टेकतो ते पाहा. तीन मीटरचा स्टेनलेसचा पाईप अडीचशे अंश सेल्सिअसने तापला तर सव्वा सेंटिमीटर लांबतो, म्हणजे थंड असताना सुटा दिसणारा पाईप हायवेवर टेकलेला असू शकतो. माझ्या डाव्या पाईपवर, हीट शील्डजवळ (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याजवळ), नखाएवढा चकचकीत घासलेला डाग सापडला. तेवढ्याच ठिकाणाहून सगळी थरथर फरशीत जात होती. क्लॅम्प ढिला करून पाईप किंचित फिरवला, बोटभर जागा केली, पाईप टांगणाऱ्या हँगरची चिरलेली दोन रबरं बदलली. सीटमधली झिणझिण गेली. घूं थोडी उतरली, पण गेली नाही.

सांध्यांतून गळती आहे का, तेही याच वेळी बघून घ्या. शॉप-व्हॅकची (वर्कशॉपच्या व्हॅक्युम क्लीनरची) नळी उलटी लावून एका टेलपाईपमधून हवा सोडा, दुसऱ्यात चिंधी कोंबा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारा. फेस फुगला की गळती तिथेच. हे टाळू नका, कारण गळतीतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो.

इथे माझी एक चूक झाली. जवळच्या एका दुकानात सांगितलं की दोन छोटे बुलेट रेझोनेटर टाका, काम होईल. पैसे गेले, आवाजातली वरची करवत गेली, घूं जागच्या जागी. कारण नंतर समजलं. अशा रेझोनेटरमध्ये भोकं पाडलेल्या नळीभोवती लोकर भरलेली असते. बारीक सूर ती गिळते. पण दोनशे अंशांच्या वायूत १२३ हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते. बोटभर जाडीच्या लोकरीला ती दाद देत नाही.

एकच खोल सूर काढायचा असेल तर त्याला बंद तोंडाची आडनळी लागते. इकडे तिला जे-पाईप म्हणतात. मुख्य पाईपला फाटा काढायचा आणि दुसऱ्या टोकाला झाकण वेल्ड करायचं. लाट आत जाते, झाकणावर आपटून परत येते. नळीची लांबी लाटेच्या बरोबर एक चतुर्थांश असेल तर परत आलेली लाट अर्ध्या लाटेने मागे पडलेली असते आणि तोंडाशी येणाऱ्या नव्या लाटेला खोडून काढते. वायू अडत नाही, ताकद जात नाही, दुसरे सूर जवळजवळ तसेच राहतात.

लांबी काढायला वायूतला आवाजाचा वेग लागतो. केल्विनमधल्या तापमानाचं (सेल्सिअस अधिक २७३) वर्गमूळ काढून २० ने गुणलं की तो साधारण मीटर प्रति सेकंदात मिळतो. त्याला सुराच्या चौपटीने भागायचं. मी वायू दोनशे अंश धरला, वेग आला ४३६, लांबी ८९ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना मुख्य पाईपच्याच व्यासाची एकेक नळी केली. पण कायमचं वेल्डिंग करण्याआधी झाकण सरकतं ठेवलं. नळीच्या टोकाला उभ्या चिरा, आत घट्ट बसणारा झाकणवाला तुकडा, वरून क्लॅम्प. हे केलं नसतं तर दोन्ही नळ्या भंगारात गेल्या असत्या. कारण पहिल्या फेरीत १६५० आरपीएमला अद्भुत शांतता आणि १८५० ला घूं तशीच. आडनळीतून वायू वाहत नाही, त्यामुळे ती मुख्य पाईपपेक्षा बरीच थंड राहते, थंड वायूत आवाज सावकाश जातो आणि नळी हिशोबापेक्षा लांब ठरते.

१६५० म्हणजे ११० हर्ट्झ. त्यावरून उलटा हिशोब केला तर आतला खरा वेग ३९२ च्या आसपास निघाला. नवीन लांबी ७९ सेंटिमीटर. झाकण दहा सेंटिमीटर आत ढकललं, मार्करने खूण केली आणि पुन्हा आय-९६ वर गेलो. सहावा गिअर, १८५०. स्क्रीनवरचा सुळका दहा-बारा डेसिबल खाली बसलेला. मी रेडिओ लावला आणि गाण्यातला डग्गा ऐकू आला. इतके दिवस तो घूंमध्ये बुडालेला असायचा.

म्हणून नळी थोडी लांबच करा आणि आखूड करत जा. वाकवून बसवायची असेल तर लांबी मध्यरेषेवरून मोजा. फाटा टेलपाईपच्या उघड्या टोकाजवळ काढू नका, तिथे दाबाची लाट जवळजवळ शून्य असते आणि नळीला पकडायला काही मिळत नाही. बंद टोक किंचित वर ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. आमच्याकडच्या हिवाळ्यात ते पाणी गोठतं. गाडीवरच वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीची वायर सोडवा. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याला) हात लावू नका. तो काढणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बसत नाही, आणि हे सगळं काम त्याच्या मागेच होतं.

ब्यूटिलच्या चिकट शीट मी सगळ्यात शेवटी लावल्या, स्टेपनीच्या खळग्यात आणि मागच्या सीटखाली. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. 'टण्ण' वाजतो तिथेच लावा, 'ठक्' वाजेपर्यंत. पत्र्याचा एक चतुर्थांश झाकला तरी पुरतो. पत्र्याची थरथर त्याने थांबते, हवेतून येणारी घूं नाही. म्हणून त्यापासून सुरुवात करू नका.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून, २०२० सोडून, दरवर्षी जुन्या-नव्या मसल कार (दणकट इंजिनांच्या अमेरिकन गाड्या) तिथे रांगेने फिरतात. मी गेलो होतो. सिग्नल सुटल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ३००० च्या पुढे गेलो आणि तोच गडगडता, अडखळता गळा मोकळा झाला. फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला.

बसवल्यानंतर शंभर मैलांनी सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. माझा उजवा पाऊण फेरी ढिला झाला होता. आणि हिवाळी टायर वेगळ्या मापाचे घेणार असाल तर त्याच वेगाला आरपीएम थोडे सरकतात, तेव्हा नळीच्या खुणेपाशी दोन-तीन सेंटिमीटर सरकायला जागा ठेवूनच झाकण पक्कं करा.