फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा फोटो आणि व्हिडिओ, दोन्हींसाठी कसा लावून ठेवावा

रंगमंचावर एक मुलगी गिरक्या घेत होती. तोवर मी फोटो काढत होतो आणि शटर १/८०० सेकंदावर होतं. गिरक्यांचा वेग वाढला तसा मी डायल व्हिडिओवर फिरवला आणि लाल बटण दाबलं. रात्री संगणकावर पाहिलं तर एकेक फ्रेम काचेसारखी स्वच्छ, पण हालचाल तुटक, झटके खात चाललेली. शिवाय मागच्या पडद्यावर आडवे काळपट पट्टे सरकत होते. फोटोसाठी अगदी बरोबर असलेलं शटर व्हिडिओसाठी चुकीचं होतं. ती गिरकी पुन्हा मिळणार नव्हती.

तेव्हापासून मी फुल-फ्रेम मिररलेसकडे एकाच बॉडीत राहणारे दोन कॅमेरे म्हणून पाहतो. एक फोटोचा, एक व्हिडिओचा. सेन्सर, लेन्स, बॅटरी सामाईक. बाकी जवळपास प्रत्येक सेटिंगमध्ये दोघांच्या मागण्या वेगळ्या, कधी थेट उलट. म्हणून हे दोन्ही कॅमेरे घरीच, सवडीने, वेगवेगळे लावून ठेवायचे आणि ऐन वेळी फक्त डायल फिरवायचा.

आधी हातातलं यंत्र समजून घ्या

फुल-फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप ३५ मिमी फिल्मवरच्या एका फ्रेमचं. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि हे माप छायाचित्रणात रुळत गेलं. त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरपेक्षा याचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त भरतं. तेवढा प्रकाश जास्त गोळा होतो, त्यामुळे अंधुक जागी चित्रात दाणे कमी दिसतात.

मोठ्या सेन्सरवर पार्श्वभूमीही सहज धूसर होते, आणि नवखा माणूस इथेच फसतो. ८५ मिमीची लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१.८, समोरचा माणूस दोन मीटरवर: एवढ्यात सुस्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतरही याहून जास्त आहे. बोलता बोलता त्याने मान जरा मागे नेली की डोळे पट्ट्याबाहेर. दोन माणसं शेजारी उभी असतील तर एफ/५.६ वर या (आकडा मोठा, छिद्र लहान), म्हणजे पट्टा अठरा-एकोणीस सेंटिमीटरचा होतो.

मिररलेसमध्ये आरसा नाही. २०१३ मध्ये सोनीने अल्फा ७ आणला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन हेही फुल-फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. आरसा गेल्याने लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांतलं अंतर बरंच घटलं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होतं, नव्या झेडमध्ये १६ मिमी आहे. म्हणूनच जुन्या एसएलआर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांच्या, लेन्स ॲडॉप्टर लावून मिररलेसवर बसतात. पण रोजच्या कामात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो काढण्याआधीच उजेड किती येणार ते दिसतं. दोन, फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे फोटोत चालणारी डोळ्यावरची पकड व्हिडिओतही तशीच चालते. एसएलआरमध्ये व्हिडिओसाठी आरसा वर गेला की त्याची मुख्य फोकस यंत्रणा आंधळी व्हायची.

पायरी १: पाया घाला

कार्ड संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) ताजं आहे का पाहा. व्ह्यूफाइंडरचं डायॉप्टरचं चाक फिरवून आतली अक्षरं स्पष्ट करून घ्या. हे राहिलं तर प्रत्येक फोटो तुम्हाला फोकसबाहेर वाटेल. हिस्टोग्राम (उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख) चालू करा. एक्स्पोजर प्रीव्ह्यू (उजेड आधीच दाखवणारी सोय) चालू ठेवा, फक्त स्टुडिओ फ्लॅशवर काम करताना तो बंद करायचा. नाहीतर पडदा काळाकुट्ट दिसतो आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं.

पायरी २: फोटोचा कॅमेरा

डायलवर सी१, सी२ असे किंवा नुसते १, २, ३ असे आकडे असतील. त्या जागा तुमची सेटिंग साठवण्यासाठी असतात. पहिल्या जागेवर फोटोचा संच ठेवू.

मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवा, आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ऑटो, आणि ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर १/२५० नेमून द्या. माणसं समोर असताना हे एक बंधन खूप फोटो वाचवतं. उजेड कमी झाला की कॅमेरा शटर हळू करण्याऐवजी आयएसओ वाढवतो. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला सुधारता येत नाही. नाच किंवा खेळ असेल तर किमान १/५०० करा.

फाइल रॉ (सेन्सरने नोंदवलेली कच्ची) ठेवा. फोकस कंटिन्युअस (सतत जुळत राहणारा), सोबत चेहरा-डोळा ओळखण्याची सोय चालू. जमल्यास फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर द्या. आठवडाभर बोटं चुकतील, मग पुन्हा जुन्या पद्धतीकडे जावंसं वाटणार नाही.

शटर कोणतं, हा प्रश्न जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. मेकॅनिकल शटरमध्ये पडदे खरोखर सरकतात. इलेक्ट्रॉनिक शटर अगदी निःशब्द, पण बहुतेक सेन्सर चित्र एका क्षणात वाचत नाहीत, ओळीमागून ओळ वाचतात. तेवढ्या वेळात समोरची वस्तू सरकली तर ती तिरकी दिसते, चेंडू फटकावणारी बॅट केळ्यासारखी वाकते. एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी अनेकदा वेगाने लुकलुकत असतात. त्यामुळे काही ओळी उजळ, काही काळ्या येतात आणि पट्टे पडतात. म्हणून माझा नियम साधा आहे: शांतता खरोखर हवी असेल तरच इलेक्ट्रॉनिक, एरवी मेकॅनिकल. ज्यांचा सेन्सर फार झटपट वाचला जातो अशा महागड्या बॉडींना ही अडचण कमी असते. सगळा सेन्सर एकदम वाचणारं ग्लोबल शटर सोनीने २०२३ मध्ये ए९ III या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात दिलं, तिथे तर ती उरतच नाही.

आता हा सगळा संच मेनूतून पहिल्या जागेवर साठवा. साठवायचं विसरलात तर कॅमेरा बंद-चालू करताच सगळं जुन्यावर जातं.

पायरी ३: व्हिडिओचा कॅमेरा

इथे मोड मॅन्युअल. फोटोत कॅमेऱ्याने मधेच आयएसओ बदलला तरी चालतं. व्हिडिओत तो बदल पडद्यावर दिसतो आणि बघणाऱ्याचं लक्ष उडतं.

पहिला निर्णय फ्रेम रेटचा. जिथे वीज ५० हर्ट्झची तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. जिथे ६० हर्ट्झची तिथे ३० फ्रेम आणि शटर १/६०. यात दोन गोष्टी एकदम साधतात. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट असलं की हालचालीला डोळ्यांना सवयीचा असलेला हलका फराटा मिळतो. आणि शटर विजेच्या तालात असलं की घरगुती दिव्यांचं लुकलुकणं चित्रात उतरत नाही. माझ्या त्या गिरकीत दोन्ही गोष्टी एकदम बिघडल्या होत्या.

शटर असं बांधून टाकलं की उन्हात उजेडाचं काय करायचं हा प्रश्न येतो. हिशेब करून पाहू. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ असेल तर शटर साधारण १/१०० लागतं. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/२.८ वर आलात की पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड वाढला, शटर १/३२०० हवं. पण आपल्याला तर १/५० च ठेवायचं आहे. म्हणजे ६४ पट जादा उजेड, सहा स्टॉप. तो अडवायला लेन्सवर एनडी फिल्टर लावतात, इथे एनडी ६४. व्हिडिओ करणाऱ्याने दुसरी लेन्स घेण्याआधी हा फिल्टर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण रुंद लेन्सवर तो शेवटपर्यंत फिरवला की आकाशात इंग्रजी एक्ससारखी काळी फुली उमटते. त्याआधीच थांबा.

व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) बांधून टाका. ऑटोवर ठेवला तर एकाच मुलाखतीत चेहरा मधेच पिवळा, मधेच निळसर होतो, आणि ते नंतर जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

मग लॉग. एस-लॉग, सी-लॉग, एन-लॉग, व्ही-लॉग, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, कल्पना एकच: चित्र फिकट, सपाट नोंदवायचं, म्हणजे ढगांतले आणि सावलीतले बारकावे दोन्ही टिकतात आणि रंग नंतर चढवता येतात. हे १०-बिटमध्येच करा. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १,०२४. सपाट चित्र ताणताना २५६ पायऱ्या अपुऱ्या पडतात आणि संध्याकाळच्या आकाशात कडा उमटतात. शिवाय लॉगमध्ये किमान आयएसओ बऱ्याचदा ६४० किंवा ८०० असतो, म्हणजे वरच्या हिशेबात आणखी तीन स्टॉप एनडी मिळवा. रंग चढवायला वेळ किंवा हौस नसेल तर लॉग वापरूच नका. साध्या प्रोफाइलमध्ये नीट उजेड धरलेला व्हिडिओ अर्धवट रंगवलेल्या लॉगपेक्षा कितीतरी देखणा दिसतो.

क्रॉप तपासा. काही कॅमेरे ४केमध्ये ५० किंवा ६० फ्रेम लावताच सेन्सरचा मधला भागच वापरतात. दीड पट क्रॉप असेल तर २४ मिमी लेन्स ३६ मिमीसारखी दिसते आणि छोट्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. दुसरीकडे २४ मेगापिक्सेलचा सेन्सर सुमारे ६,००० पिक्सेल रुंद असतो. ती सगळी रुंदी वाचून ३,८४० पिक्सेलमध्ये उतरवणारा कॅमेरा केस, विणकाम, पानं फार सुंदर दाखवतो. माहितीपत्रकात ‘ओव्हरसॅम्पलिंग’ लिहिलेलं असतं ते हेच.

कार्डाचं गणितही आताच करून ठेवा. १०० मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, मिनिटाला ७५०, तासाला ४५ गीगाबाइट. व्ही३० कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहीत राहण्याची हमी देतं, एवढ्यासाठी ते पुरतं. ६०० मेगाबिटच्या फाइलला ७५ मेगाबाइट लागतात, तिथे व्ही९०.

आवाजाबद्दल थोडक्यात पण कळकळीने: कॅमेऱ्यावरचा माइक फक्त नंतर आवाज जुळवायची खूण म्हणून वापरा. बाहेरचा माइक बोलणाऱ्याच्या जवळ न्या, ऑटो लेव्हल बंद करा, आणि सर्वांत मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका.

फोकस व्हिडिओतही कंटिन्युअस, पण एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा वेग एक-दोन घरं कमी करा. झटकन उडी मारणारा फोकस यांत्रिक वाटतो. झेब्रा चालू करा, म्हणजे उजेड जळायला लागला की त्या भागावर रेघा दिसतात. हा संच दुसऱ्या जागेवर साठवा.

पायरी ४: स्टॅबिलायझेशन, उष्णता, धूळ

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. स्थिर मूर्तीचा फोटो हातात धरून १/१० ला निघेल, खेळणाऱ्या मुलाचा नाही. चालत व्हिडिओ घेताना फार रुंद लेन्सवर चित्राचे कोपरे लिबलिबल्यासारखे हलतात. तिथे थोडी लांब लेन्स लावा किंवा गिंबल (कॅमेरा तोलून धरणारं यंत्र) घ्या. ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करा.

लांब रेकॉर्डिंगमध्ये सेन्सर आणि प्रोसेसर तापतात. पडदा बॉडीपासून उघडून ठेवा, उन्हात कॅमेऱ्यावर सावली धरा, यूएसबी पॉवर डिलिव्हरी असेल तर पॉवर बँक जोडा. कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतं, पण त्याला उष्णता कारण नाही. अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेऱ्याचा आयात कर लागायचा, तो टाळायला ही मर्यादा आली होती.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा आणि तोंड खाली धरा. आरसा नसल्याने सेन्सर उघडाच असतो. काही कॅमेरे बंद होताना शटरचा पडदा समोर आणतात, तो बोटाने किंवा हवेच्या झोताने दाबू नका.

पायरी ५: जागेवर पोचल्यावर दहा सेकंद

कार्यक्रमाच्या जागी, तिथल्याच दिव्यांखाली, दुसऱ्या संचावर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. विषय नको, एखादी फिकट रंगाची सपाट भिंत किंवा पडदा पुरे. आता ते कॅमेऱ्यातच चालवून पाहा. पट्टे सरकताना दिसले तर ५० हर्ट्झच्या जागी शटर १/१०० करून पुन्हा घ्या, ६० हर्ट्झच्या जागी १/१२०. तरी राहिले तर तो दिवा विजेच्या तालाने नाही, स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक तालाने लुकलुकतोय. काही कॅमेऱ्यांत शटर दशांशाने बदलण्याची सोय असते, तिथे एकेक घर सरकवत जा. एका घरावर पट्टे संथ होतात, जवळजवळ थांबतात, आणि पुढच्या एखाद्या घरावर नाहीसे होतात. तो आकडा दुसऱ्या संचात साठवा, डायल पुन्हा पहिल्यावर आणा आणि पडदा उघडण्याची वाट पाहा.